सतरा वर्षांत तेरा क्लब

वाचकांचे प्रश्न

इंग्लंडच्या उत्तरेत, खालच्या लीगमधल्या दोन क्लबांत मिळून मी १९ वर्षं फिजिओ म्हणून काम केलं. मागच्या अंकात एफए कपबद्दल, म्हणजे खालच्या लीगमधले क्लबही जिथे मोठ्या क्लबांशी भिडतात त्या इंग्लंडच्या बाद स्पर्धेबद्दल, लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेते आहे.

प्रश्न : ताई, एफए कपच्या तिसऱ्या फेरीचा एक सामना पाहत होतो. लीग टूमधल्या, म्हणजे चौथ्या पातळीवरच्या, संघाचा ३५ वर्षांचा सेंटर बॅक (मधल्या फळीतला बचावपटू) प्रीमियर लीगच्या स्ट्रायकरला नव्वद मिनिटं पुरून उरला. त्याची माहिती काढली, तर १७ वर्षांत १३ क्लब! मित्र म्हणतो, ज्याला कुठेच टिकता आलं नाही तो खेळाडू कसला? मला ते पटलं नाही, पण त्याला उत्तरही देता आलं नाही. हे लोक एका जागी का राहत नाहीत? – एक महाविद्यालयीन विद्यार्थी

उत्तर : तुला पटलं नाही हे चांगलं झालं. मित्राला सांग, १३ क्लब म्हणजे १३ वेळा कुठल्यातरी मॅनेजरनं हा माणूस मागून घेतला. १७ वर्षं दर उन्हाळ्यात कुणीतरी त्याला पगार द्यायला तयार झालं. टिकणं आणखी कशाला म्हणायचं?

आधी आकडे बघ. प्रीमियर लीगचे २० क्लब. त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी २४. असे ९२ क्लब. त्याच्याही खाली नॅशनल लीग, आणि तिथेही पूर्ण वेळ पगार देणारे बरेच क्लब आहेत. लीग टूमध्ये हंगामाचे ४६ सामने. शनिवारी एक, पुष्कळदा मंगळवारी रात्री दुसरा, वर कपचे सामने वेगळे. ऑगस्टमध्ये सुरू झालेलं हे चक्र मे उजाडेपर्यंत थांबत नाही. नोव्हेंबरनंतर पुरता धडधाकट असा एकही खेळाडू माझ्या टेबलावर कधी आला नाही. कुणाची मांडी धरलेली, कुणाच्या पायाचं बोट सुजलेलं. तरी शनिवारी तीन वाजता अकरा जण मैदानात उतरतातच.

आता करार. या पातळीवर करार बहुधा एका वर्षाचा असतो, नशीब असेल तर दोन. तो ३० जूनला संपतो. कुणाला ठेवायचं आणि कुणाला सोडायचं याची यादी क्लब मे महिन्यात काढतो. तिला रिटेन्ड लिस्ट म्हणतात. तो दिवस मी १९ वेळा पाहिला. आमच्याकडे मॅनेजरची खोली माझ्या खोलीला लागूनच होती, मधे प्लायवूडची भिंत. खेळाडू एकेक करून आत जायचे आणि पाच-सात मिनिटांत बाहेर यायचे. ज्यांना सोडलेलं असायचं त्यातले बरेचसे थेट माझ्या खोलीत येऊन टेबलावर बसायचे. दुखत काहीच नसायचं. मी काही विचारायची नाही. गुडघा हातात घ्यायची, वाकवून बघायची, पोटरी दाबायची. थोड्या वेळानं ते स्वतःच बोलायला लागायचे, आणि बहुतेक वेळा पहिलं वाक्य मुलांच्या शाळेबद्दल असायचं.

करार इतके तोकडे का, याला इतिहास आहे. १९६१ सालापर्यंत इंग्लंडमध्ये खेळाडूच्या पगारावर कमाल मर्यादा होती, शेवटी शेवटी आठवड्याला २० पौंड. खेळाडूंच्या संघटनेनं, म्हणजे पीएफएनं, संपाची तयारी केली तेव्हा कुठे ती उठली. ही संघटना १९०७ साली मँचेस्टरमध्ये स्थापन झालेली. पण पगार मोकळा झाला तरी माणूस मोकळा झाला नव्हता. करार संपला तरी क्लब खेळाडूची नोंदणी दाबून ठेवू शकत असे. न्यूकॅसलचा जॉर्ज ईस्टहॅम कोर्टात गेला आणि १९६३ साली ती पद्धत अन्यायकारक ठरली. मग १९९५ साली युरोपीय न्यायालयात बोस्मन या बेल्जियन खेळाडूच्या खटल्याचा निकाल लागला. करार संपलेला खेळाडू एक पैही न मोजता दुसऱ्या क्लबला जाऊ शकतो, हे त्यातून पुढे पक्कं झालं. (तरुण खेळाडूंसाठी भरपाईचे नियम आहेत, तो भाग वेगळा.)

हे व्हायलाच हवं होतं. माणसाला बांधून ठेवणं वाईटच. वरच्या क्लबांतल्या खेळाडूंचा त्यात मोठा फायदा झाला. करार संपत आला की ते घसघशीत पगार मागू शकतात. खाली मात्र क्लबांच्या हाती असलेलं एक उत्पन्न आटलं. पूर्वी खेळाडू विकून वर्षाचा खर्च भागायचा. आता तीस वर्षांच्या सेंटर बॅकला तीन वर्षांचा करार देऊन हात बांधून घ्यायला कुणी तयार नसतं. त्यात मॅनेजर बदलत राहतात. नवा मॅनेजर आपली भरवशाची माणसं आणतो आणि आधीच्याची माणसं बाकावर जाऊन बसतात. तुझा तो सेंटर बॅक १३ पैकी निदान काही क्लबांत चांगला खेळूनही सुटलेला असणार. असे कितीतरी मी जवळून पाहिले आहेत.

टोनी फोर्डचं नाव तुझ्या मित्राला सांग. १९७५ मध्ये सोळाव्या वर्षी ग्रिम्सबीकडून सुरुवात केली. मग संडरलँड, स्टोक, वेस्ट ब्रॉम, पुन्हा ग्रिम्सबी, ब्रॅडफर्ड, स्कन्थॉर्प, बॅरो, मॅन्सफील्ड असं करत २००१ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी रॉचडेलमध्ये थांबला. लीगचे ९३१ सामने! गोलकीपर सोडले तर इंग्लिश लीगमध्ये इतके सामने कुणीच खेळलेलं नाही. फिजिओ म्हणून मला त्या आकड्यापुढे हात जोडावेसे वाटतात. ९३१ वेळा बूट बांधायचे म्हणजे त्यामागे किती सकाळी पाय ओढत उठावं लागलं असेल, हे मला ठाऊक आहे.

तू विचारलं नाहीस, पण पुढचा प्रश्न तोच येतो : इतके क्लब बदलणाऱ्याला आपुलकी कशी वाटणार? जिमी ग्लासची गोष्ट ऐक. १९९८-९९ च्या हंगामाच्या शेवटी कार्लाइल युनायटेडकडे गोलकीपरच उरला नव्हता, म्हणून त्याला स्विंडनहून तातडीनं लोनवर, म्हणजे उसना, आणलं. तो तिथे फक्त तीन सामने खेळला. तिसरा सामना ८ मे १९९९ रोजी प्लिमथविरुद्ध होता. जिंकले नाहीत तर कार्लाइल लीगबाहेर जाणार होतं. १-१ अशी बरोबरी, नव्वद मिनिटांनंतरचा भरपाईचा वेळही संपत आलेला, कॉर्नर. गोलकीपर ग्लास आपला गोल सोडून धावत पुढे आला, परत आलेला चेंडू त्याच्या पायाशी पडला आणि त्यानं गोल मारला. क्लब वाचला. त्याच्याजागी स्कारबरो खाली गेलं. काही वर्षांत ग्लास फुटबॉल सोडून टॅक्सी चालवू लागला. कार्लाइलमध्ये आजही त्याचं नाव काढून बघ. तीन सामन्यांचा पाहुणा तो.

आणि 'एका जागी का राहत नाहीत' म्हणशील, तर जागा एकच असते, क्लब बदलतात. उत्तरेतले बरेच खेळाडू मँचेस्टर, लिव्हरपूल किंवा लीड्सच्या आसपास एकदा घर घेतात आणि मग जो क्लब मिळेल तिथे गाडीनं जातात. एम-६२ हा मोटरवे लिव्हरपूलकडून हलकडे जातो. त्यावरच्या हार्ट्सहेड मूरच्या थांब्यावर सकाळी आमचे चार खेळाडू आपापल्या गाड्या सोडून एकाच गाडीत बसायचे. पेट्रोल वाटून घ्यायचे, आठवड्याला एकानं गाडी चालवायची. ज्याचा पाठीचा कणा दुखत असेल त्याला पुढची सीट, हा नियम मी घालून दिला होता आणि तो पाळला जायचा.

प्रश्न : नमस्कार. आम्ही बारा वर्षांपासून इंग्लंडमध्ये आहोत. मुलगा सोळा वर्षांचा होईल. लीग टूमधल्या एका क्लबनं त्याला दोन वर्षांची स्कॉलरशिप देऊ केली आहे. तो आनंदात आहे, आम्ही धास्तावलो आहोत. शिक्षणाचं काय? पुढे पोट भरेल का? खरं काय ते सांगा. – एक आई

उत्तर : तुम्ही खरं विचारलंत, म्हणून खरंच सांगते. दोन वर्षांनी, अठराव्या वर्षी, क्लब त्याला व्यावसायिक करार देईल किंवा देणार नाही. बहुतेकांना देत नाही. आमच्याकडे एका वर्षी अकरा मुलं होती, त्यातल्या दोघांना करार मिळाला. उरलेल्या नऊ जणांत माझ्या मते त्या दोघांहून गुणी असा एक मुलगा होता. त्याचा गुडघा निकालाच्या तीन महिने आधी गेला. यात न्याय शोधायला जाऊ नका, सापडत नाही.

म्हणून नको म्हणा असं मात्र मी सांगणार नाही. स्कॉलरशिपमध्ये शिक्षण हा कराराचाच भाग असतो. लीग क्लबांच्या या मुलांसाठी लीग आणि पीएफए यांनी मिळून लीग फुटबॉल एज्युकेशन नावाची संस्था काढली आहे, ती हे पाहते. बहुतेक मुलं खेळाशी निगडित व्यावसायिक अभ्यासक्रम घेतात. तुमच्या मुलाला ए-लेव्हल (आपल्या बारावीच्या तोडीची परीक्षा) करायच्या असतील तर सही करण्याआधी क्लबला ते स्पष्ट विचारा आणि वेळापत्रक कागदावर मागा. तोंडी 'बघू' म्हणाले तर त्याचा अर्थ नाही असा धरा. आणखी एक विचारा : गेल्या तीन वर्षांत ज्यांना सोडलं ती मुलं आज काय करतात? ज्या क्लबला याचं उत्तर नावानिशी देता येतं, तिथे मुलांकडे कुणाचं तरी लक्ष आहे. आमच्या युवा संघाच्या प्रशिक्षकांकडे अशी एक वही होती. सुटलेल्या प्रत्येक मुलाला ते वर्षभर दर महिन्याला फोन करायचे. मी त्यांना फार मानते.

पैशांचं म्हणाल, तर स्कॉलरला मिळतात ते हातखर्चापुरते. पुढच्या पगाराचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब सांगते. ऑगस्ट २०२० मध्ये लीग टूच्या क्लबांनी खेळाडूंच्या पगारावर वर्षाला १५ लाख पौंडांची मर्यादा ठरवली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये पीएफएनं लवादाकडून ती रद्द करवून घेतली, पण आकडा बोलका आहे. संघात २२ मोठे खेळाडू धरले तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला साधारण ६८ हजार पौंड येतात, म्हणजे आठवड्याला तेराशेच्या आसपास. यातच बोनस, कर, एजंटची फी सगळं आलं. कुणाला याहून जास्त मिळतात, विशीतल्या पोराला पुष्कळ कमी. इंग्लंडमध्ये इतक्या पैशांत घर नीट चालतं. पण हे उत्पन्न फार तर पस्तिशीपर्यंतचं, आणि दर जूनमध्ये त्यावर प्रश्नचिन्ह. प्रीमियर लीगचे पगार वाचून लोक या मुलांना श्रीमंत समजतात. माझ्या ओळखीचे खेळाडू जुलैत गृहकर्जाचा हप्ता कुठून भरायचा म्हणून रात्र रात्र जागलेले आहेत.

स्कॉलर असल्यापासून मुलाला पीएफएचं सदस्य होता येतं. होऊ द्या. दुखापत, करार, पुढचं शिक्षण या तिन्ही गोष्टींत ही संघटना उपयोगी पडते. सॅल्फर्ड विद्यापीठात फिजिओथेरपी शिकलेले कितीतरी माजी खेळाडू आज क्लबांत काम करतात. त्यातल्या एकाच्या हाताखाली मी स्वतः चार वर्षं शिकले. ज्याचा स्वतःचा गुडघा दोनदा उघडला गेलाय, त्याला दुसऱ्याच्या गुडघ्याची भीती बोलून दाखवावी लागत नाही.

अठराव्या वर्षी सोडलं म्हणजे सगळं संपलं असंही नसतं. रिकी लॅम्बर्टला ब्लॅकपूलनं सोडलं, त्यानंतर काही काळ तो बीटरूटच्या कारखान्यात काम करत होता. मग मॅकल्सफील्ड, स्टॉकपोर्ट, रॉचडेल, ब्रिस्टल रोव्हर्स, साउथहॅम्प्टन. ऑगस्ट २०१३ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाकडून वेम्ब्लीवर स्कॉटलंडविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरला आणि चेंडूला पहिला स्पर्श झाला तो गोलच. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. हे उदाहरण मुलाला जरूर सांगा, पण घरचा हिशेब मात्र त्यावर मांडू नका. लॅम्बर्ट एखादाच होतो. रॉचडेलमध्ये दहा वर्षं इमानानं खेळणारे पुष्कळ होतात, आणि मुलानं तसं व्हायचं ठरवलं तर त्यातही मान आहे.

आता आई म्हणून तुमच्याकडे एक मागणं. तो सामना खेळून घरी आला की पहिल्या तासात सामन्याबद्दल विचारू नका. जेवायला वाढा. सोळा ते अठरा या दोन वर्षांत त्याला दिवसभर सगळे तोलत-मापत असतात. घरी तरी तराजू नको.

प्रश्न : बायचुंग भूतिया बरी नावाच्या क्लबकडून खेळला होता. आम्ही तेव्हा पेपरात बरीचे निकाल शोधायचो. तो क्लब अलीकडे कुठे दिसत नाही. काय झालं? – एक जुने वाचक

उत्तर : आठवण काढलीत, फार बरं वाटलं. भूतिया १९९९ च्या सप्टेंबरअखेर बरीला आला. इंग्लंडमधल्या व्यावसायिक क्लबशी करार करणारा तो पहिला भारतीय. बरी तेव्हा तिसऱ्या पातळीवर होतं. २००२ पर्यंत तो तिथे होता, लीगचे ३७ सामने आणि ३ गोल. त्यात दुखापती, त्यात क्लबची आर्थिक ओढाताण. त्या पातळीवरच्या कुठल्याही खेळाडूच्या वाट्याला येतं तेच त्याच्याही वाट्याला आलं.

बरी म्हणजे काल-परवाचा क्लब नव्हे. स्थापना १८८५ ची. १९०० आणि १९०३ मध्ये एफए कप जिंकलेला, दुसऱ्यांदा तर अंतिम सामन्यात डर्बीला ६-० हरवून. २०१९ च्या वसंतात पगार थकलेले असताना तिथल्या खेळाडूंनी संघाला लीग वनमध्ये चढवलं. आणि त्याच वर्षी २७ ऑगस्टला क्लबची लीगमधून हकालपट्टी झाली. चढलेल्या लीगमध्ये एकही सामना खेळायला मिळाला नाही. हंगाम सुरू झाल्यावर ऑगस्टअखेर नवा क्लब शोधायचा म्हणजे काय, हे त्या खेळाडूंना आणि त्यांच्या बायकांना विचारावं. लोकांनी क्लब मरू दिला नाही एवढं मात्र खरं. २०२३ पासून बरी पुन्हा आपल्या गिग लेन मैदानावर खेळतं आहे, पुष्कळ खालच्या लीगमध्ये. तुम्ही निकाल शोधायला पुन्हा सुरुवात करू शकता.

प्रश्न : इतक्या खेळाडूंतला तुमच्या लक्षात राहिलेला एक सांगाल? – एक वाचक

उत्तर : नाव सांगणार नाही, घोटा सांगते.

आमच्याकडे एक मिडफिल्डर आला. वय ३१, आमचा क्लब त्याचा अकरावा. उजवा घोटा अनेकदा मुरगळून सैल झालेला. पहिल्या दिवशी मी टेप हातात घेतली तर म्हणाला, "एक मिनिट, मी दाखवतो." टाचेला टेप अडकवायच्या आधी त्यानं एक पट्टी बाहेरच्या घोट्याच्या हाडावरून तिरकी, मागून वर पोटरीकडे ओढून घ्यायला लावली. चार क्लबांपूर्वीच्या एका वयस्कर फिजिओनं ही पद्धत त्याला लावून दिली होती. मला आधी ते फाजील वाटलं. दोन आठवड्यांत कळलं, त्याचा घोटा खरंच त्या पट्टीवर उभा होता. मग मी ती आणखी तिघांना बांधायला लागले.

माझीही एक सवय होती. घोट्याच्या पुढच्या बाजूला, जिथे बुटाची नाडी येते, तिथे टेप कातडी कापते. मी गॉजचा तुकडा तिकोनी दुमडून, त्याला व्हॅसलीन लावून आत ठेवायची. हे त्याला आवडलं. दोन हंगाम रोज सकाळी पावणेदहाला तो यायचा, सात मिनिटं लागायची. त्याच्या मुलीनं गणितात किती मार्क मिळवले हे मला त्या सात मिनिटांत कळायचं. दुसऱ्या मे महिन्यात त्याला सोडलं. तो येऊन टेबलावर बसला. मी सवयीनं टेप उचलली आणि परत ठेवली.

जवळजवळ दोन वर्षांनी, मार्च महिन्यात, एक संघ आमच्याकडे खेळायला आला. सामन्याआधी त्यांचा तरुण फिजिओ माझं दार वाजवून म्हणाला, टेप संपली, दोन रोल द्याल का? त्याच्या हातात ट्रे होता. ट्रेमध्ये गॉजचे तुकडे ठेवलेले, तिकोनी दुमडलेले, वर व्हॅसलीन. मी विचारलं, हे कुणी शिकवलं? म्हणाला, आमच्याकडे एक जण होता, तो आल्या दिवशीच म्हणाला, एक मिनिट, मी दाखवतो.

"आज आलाय का तो?"

"नाही, जानेवारीतच दुसरीकडे गेला. पण आता आम्ही सगळ्यांना असंच बांधतो."

मी त्याला चार रोल दिले.